रील्सच्या गर्दीत तुमच्या वेबसाइटचं फीड कोण वाचतंय?

गूगलवर एखादा साधा प्रश्न टाकून बघा. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला तर काय करायचं, किंवा भरतीच्या परीक्षेला वयोमर्यादा किती. पूर्वी पहिल्या ओळीपासून वेबसाइटच्या लिंक दिसायच्या. आता बऱ्याचदा वर एआयने लिहिलेलं तयार उत्तर असतं आणि लिंक खाली सरकलेल्या असतात. भारतात हे ऑगस्ट २०२४ पासून सुरू झालं. उत्तर वरच मिळालं तर खाली कोण जाणार? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने ९०० प्रौढांचं मार्च २०२५ मधलं ब्राउझिंग तपासलं. एआयचं उत्तर दिसलं तेव्हा नेहमीच्या लिंकवर क्लिक झालं ८ टक्के वेळा, आणि ते दिसलं नाही तेव्हा १५ टक्के वेळा. म्हणजे क्लिक जवळपास निम्मे. हे आकडे तिकडचे आहेत, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

मोठ्या वृत्तपत्रांच्या साइट यातून तरतील, त्यांच्याकडे ॲप आहे, नाव आहे. प्रश्न आहे तो लहान साइटचा. कॉलेजात शिकता शिकता भरतीची माहिती देणारा, गावाकडून पिकांवर लिहिणारी, किल्ल्यांवर फोटोंसकट लिहिणारा. अशा लोकांचे मेसेज मला येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: ‘लिहितोय भरपूर, पण पोचत नाही. काय करू?’ उत्तर म्हणून त्यांना सगळीकडून रील्स बनवायला सांगतात. मी त्यांना आधी एक जुनाट गोष्ट तपासायला सांगतो, ती म्हणजे साइटचं फीड. ते तुमच्याकडे बहुधा आधीपासूनच आहे. फुकट आहे. आणि तुम्ही ते कधी उघडूनही पाहिलेलं नसतं.

वर्डप्रेसची साइट असेल तर पत्त्यापुढे स्लॅश देऊन ‘फीड’ लिहा. ब्लॉगर असेल तर ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डीफॉल्ट’ हे तीन शब्द मध्ये स्लॅश देत लिहा. अर्थात इंग्रजी अक्षरांत. समोर कोडसारखं काहीतरी अगम्य येईल. घाबरू नका, ते माणसाने वाचायचं नसतंच. तुमच्या अलीकडच्या पोस्टची ती यादी आहे: शीर्षक, लिंक, तारीख, मजकूर. वर्डप्रेस सहसा शेवटच्या १० पोस्ट त्यात ठेवतं. नवीन पोस्ट टाकली की यादी आपोआप बदलते, आणि ज्या ॲपने किंवा साइटने तुमची यादी लक्षात ठेवली आहे ते येऊन नवीन काय ते उचलून नेतं. मासिकाची वर्गणी भरली की अंक घरी येतो, दर महिन्याला दुकानात जावं लागत नाही. तसंच हे, फक्त वर्गणी नाही आणि पोस्टमनही नाही.

ही कल्पना १९९९ ची. नेटस्केप कंपनीत पहिलं आरएसएस तयार झालं, आणि ते करणाऱ्यांत आयआयटी मद्रासमधून शिकलेले रामनाथन गुहा होते. २००५ मध्ये गूगल रीडर आलं आणि त्यानंतरची काही वर्षं मराठी ब्लॉगसाठीही भरभराटीची होती. ‘मराठी ब्लॉग विश्व’ सारख्या ठिकाणी एकाच पानावर अनेक ब्लॉगवरच्या ताज्या पोस्ट दिसायच्या. कुणी अमेरिकेत बसून लिहायचं, कुणी सांगलीत, पोस्ट शेजारी-शेजारी. अशा पानांमागे असतं ते फीडच. एका नवख्या ब्लॉगला पहिले ५०-१०० वाचक तिथून मिळून जायचे, जाहिरात न करता. मग १ जुलै २०१३ ला गूगलने रीडर बंद केलं, सगळे फेसबुकवर गेले आणि ‘आरएसएस मेलं’ असं लिहिण्याची फॅशन आली. फायरफॉक्सनेही डिसेंबर २०१८ मध्ये फीड दाखवणं काढून टाकलं.

मेलं का? तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर तुम्ही रोज फीड वापरताय. फीडमध्ये ऑडिओ फाइल जोडायची सोय २००० च्या डिसेंबरात आली, ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्सला पॉडकास्ट जोडले आणि अख्खं पॉडकास्टचं जग त्या एका यादीवर उभं राहिलं. मराठी पॉडकास्ट करणारी मुलं एपिसोड एका ठिकाणी चढवतात आणि तो अनेक ॲपमध्ये दिसतो, त्याचं गुपित हेच. एक्स्पोजर म्हणतात ते हे. तुम्ही एकदा लिहायचं किंवा बोलायचं, आणि पोचवायचं काम दुसऱ्यांच्या यंत्रांनी करायचं.

मग फीड वाचतं कोण?

फीडली किंवा इनोरीडर टाकून फीड वाचणारी माणसं आज थोडीच आहेत, आणि मराठीत तर अगदी थोडी. ‘फीड सुरू करा, हजारो वाचक येतील’ असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय. फीडचे खरे वाचक यंत्रं आहेत, आणि त्या यंत्रांमागे माणसं आहेत.

पहिलं यंत्र गूगलचंच. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप द्यायची जागा असते, तिथे फीडचा पत्ताही चालतो. गूगलने २०१४ मध्येच सांगून ठेवलंय की साइटमॅप आणि फीड दोन्ही द्या. साइटमॅपमध्ये सगळी पानं असतात, तो मोठा होतो आणि कमी वेळा बघितला जातो. फीड छोटं, म्हणून वारंवार बघितलं जातं, आणि नवीन पान लवकर सापडतं. भरतीची शेवटची तारीख किंवा आजचा बाजारभाव लिहिणाऱ्यासाठी ‘लवकर’ याला किंमत आहे. एखादी पोस्ट तीन दिवसांनी गूगलला सापडली तर तोवर तिचा उपयोग संपलेला असतो. जून २०२३ मध्ये गूगलने साइटमॅप बदलल्याची वर्दी देण्याची जुनी ‘पिंग’ची सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे हा मार्ग आणखी कामाचा झाला.

दुसरं, ईमेल. फीड वाचून आठवड्यातून एकदा नव्या पोस्टचं पत्र पाठवणाऱ्या सेवा आहेत. ईमेल म्हटलं की तरुण वाचक नाक मुरडतो, मला माहीत आहे. पण स्पर्धा परीक्षा देणारा, नोकरी शोधणारा, परदेशात राहणारा मराठी माणूस ईमेल उघडतो. आणि तो ईमेल पत्ता तुमच्याकडे असतो, कुठल्या कंपनीच्या अल्गोरिदमकडे नाही.

तिसरं टेलिग्राम. भरती आणि शिक्षणाचे चॅनेल तिथे जोरात आहेत, आणि फीडमधून नवीन पोस्ट चॅनेलवर टाकणारे बॉट मिळतात. एकदा जोडलं की तुम्ही झोपलेले असताना पोस्ट चॅनेलवर जाते. चौथं, तुमच्यासारख्याच दुसऱ्या साइट. बाजूच्या पट्टीत ‘मित्रांच्या ताज्या पोस्ट’ दाखवायला वर्डप्रेस आणि ब्लॉगर दोघांतही फीडचं विजेट आहे. चार-पाच जणांनी मिळून एकमेकांची फीड आपापल्या साइटवर लावली तर प्रत्येकाला इतरांचा थोडा थोडा वाचक मिळतो. ‘मराठी ब्लॉग विश्व’चीच ही लहान आवृत्ती, आणि मला सगळ्यांत जास्त आवडणारी युक्ती हीच आहे. यात सर्च इंजिनचा हात कुठेच नाही.

आता फीडचं जिथे चालत नाही तेही सांगतो, कारण नेमकी तीच ठिकाणं आपल्याकडे सगळ्यांत गजबजलेली आहेत. व्हॉट्सॲप चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आले, पण नुसतं फीड जोडलं आणि पोस्ट आपोआप गेली अशी सोय त्यात नाही. लिंक हातानेच टाकायची. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही. ट्विटरवर पूर्वी वर्डप्रेसमधून पोस्ट आपोआप जायची. २०२३ मध्ये ट्विटरने त्यासाठी पैसे मागायला सुरुवात केल्यावर वर्डप्रेसच्या जेटपॅकने ती सोय काढून टाकली. मोठे प्लॅटफॉर्म तुम्हाला लिंक देऊन बाहेर जाऊ द्यायला राजी नसतात, आणि फीडचं तर कामच बाहेर घेऊन जाणं आहे. त्यामुळे हे भांडण मिटणारं नाही.

टिकटॉकवाल्यांचं काय झालं

२९ जून २०२० आठवतोय? केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं-पोरी, लाखालाखांचे फॉलोअर्स असलेली, एका रात्रीत शून्यावर आली. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. मुद्दा असा की फॉलोअर्स त्यांचे नव्हतेच, ॲपचे होते. त्यांना ‘मी आता इथे आहे, या’ एवढं सांगण्याचाही मार्ग उरला नाही.

याच्या शेजारी २०२४ ची गोष्ट ठेवा. गूगलने गूगल पॉडकास्ट ॲप बंद केलं. ऐकणाऱ्यांनी आपल्या पॉडकास्टची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये घेतली आणि दुसऱ्या ॲपमध्ये टाकली. पॉडकास्ट करणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांचं फीड होतं तिथेच होतं. फक्त ऐकणाऱ्याने दार बदललं. दोन्ही ठिकाणी ॲप गेलं, एका ठिकाणी माणसं गेली आणि दुसऱ्या ठिकाणी राहिली.

पण फीडलाही हा धोका अजिबात नाही असं नाही. फीडबर्नर ही सेवा गूगलने २००७ मध्ये विकत घेतली होती. ब्लॉगरवरच्या अनेक जणांनी ‘ईमेलने पोस्ट मिळवा’ हे त्याचं विजेट लावलेलं होतं. जुलै २०२१ मध्ये गूगलने ती ईमेल सेवा बंद केली. ज्यांनी वेळेत ईमेल पत्त्यांची यादी उतरवून घेतली ते वाचले, बाकीच्यांना आपलेच वाचक परत सापडले नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो: लोकांना फीडचा जो पत्ता द्याल तो तुमच्या स्वतःच्या डोमेनचा असू द्या. मध्ये कुठलीही सेवा वापरा, पण बाहेर दिसणारा पत्ता तुमचा. आणि ईमेलची यादी महिन्यातून एकदा उतरवून ठेवा.

अजून एक, पैशांचं. ‘तुमचं फीड २०० डिरेक्टरींमध्ये सबमिट करून देतो, फक्त ४९९ रुपये’ अशा जाहिराती अजून फिरतात. हा २००६-०७ च्या काळातला धंदा आहे. तेव्हा फीडच्या डिरेक्टरी होत्या, लोक तिथे जाऊन साइट शोधायचे. आज तिथे माणूस फिरकत नाही, तुम्हाला मिळतात त्या फक्त २०० निरुपयोगी लिंक. नवीन पोस्टची वर्दी देणारी ‘पिंग-ओ-मॅटिक’ सेवा वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये आधीपासूनच भरलेली असते. त्यासाठी कुणाला एक रुपयाही देऊ नका.

पूर्ण मजकूर द्यायचा की अर्धा?

इथे मात्र खरा पेच आहे. फीडमध्ये अख्खी पोस्ट द्यायची, की सुरुवात देऊन ‘पुढे वाचा’ म्हणायचं? वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग विभागात हा पर्याय आहे. छोटा सारांश निवडला आणि स्वतः लिहिला नाही तर वर्डप्रेस पोस्टचे पहिले ५५ शब्द उचलतं. ब्लॉगरमध्येही साइट फीडखाली पूर्ण, जंप ब्रेकपर्यंत आणि थोडक्यात असे पर्याय आहेत.

अर्धा देणाऱ्यांचं म्हणणं सोपं आहे. जाहिराती साइटवर आहेत, वाचक साइटवर आला तरच चार पैसे मिळतात. शिवाय पूर्ण मजकूर दिला की चोरी सोपी. हे खरंच आहे. मराठीत कॉपी करणाऱ्या साइट काही कमी नाहीत, आणि त्यातल्या अनेक हाताने काही करतही नाहीत. तुमचं फीड प्लगइनला जोडतात आणि तुमची पोस्ट त्यांच्या नावावर, त्यांच्या जाहिरातींसकट उभी राहते. कष्ट तुमचे आणि मलई त्यांची. चीड येणारच.

तरीही लहान साइटने पूर्ण मजकूर द्यावा असं माझं मत आहे. कारण ज्याला चोरायचंय तो पानावरूनही चोरतो. एआयचे बॉटही फीडची वाट बघत बसत नाहीत, पान थेट वाचतात. अर्ध्या मजकुराने अडतो तो फक्त सरळ वाचक. लोकल ट्रेनमध्ये रेंज जात-येत असताना फीड रीडरमध्ये पोस्ट उघडणाऱ्याला ५५ शब्द आणि एक न उघडणारी लिंक दिसते. तो परत येत नाही. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याच्यासाठी पाच रुपयांच्या जाहिरातीपेक्षा वाचला जाणं मोठं आहे. ज्याच्या साइटवर महिन्याला घर चालतं त्याने मात्र वेगळा हिशेब करावा. तिथे मी स्वतः लिहिलेल्या चांगल्या सारांशाच्या बाजूने आहे, कारण आपोआप कापलेले ५५ शब्द बऱ्याचदा वाक्याच्या मधेच तुटतात आणि वाईट दिसतात.

चोरीवर एक छोटा उतारा आहे. फीडमधल्या प्रत्येक पोस्टखाली ‘हा लेख मूळ अमुक साइटवर प्रसिद्ध झाला’ अशी लिंकसकट ओळ आपोआप जोडता येते. वर्डप्रेसमध्ये योस्टसारखं प्लगइन ते करतं, ब्लॉगरमध्ये फीड फूटरची जागा आहे. आळशी चोर ती ओळही उचलतो आणि तुमची लिंक स्वतःच्या साइटवर छापतो. ही ओळ पोस्टच्या मजकुरातल्या तुमच्या इतर लिंकांसारखीच फुकटची जाहिरात होते.

देवनागरी पत्त्याची भानगड

ही गोष्ट इंग्रजी लेखांत तुम्हाला सापडणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. वर्डप्रेस शीर्षकावरून पोस्टचा पत्ता बनवतं. शीर्षक देवनागरीत असेल तर पत्ताही देवनागरीत, दिसायला छान. पण आतून त्यातलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजून, नऊ इंग्रजी चिन्हांत लिहिलं जातं. म्हणजे ‘मराठी’ एवढ्या शब्दाची ४५ चिन्हं. आणि वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांचीच जागा देतं. त्यामुळे ‘पीएम किसान योजनेचा हप्ता आला की नाही कसं तपासायचं’ या शीर्षकातलं ‘पीएम किसान योजनेचा हप्ता’ एवढंच पत्त्यात बसतं, पुढचं कापलं जातं. पुढच्या महिन्यात ‘पीएम किसान योजनेचा हप्ता कधी येणार’ लिहिलंत की पत्ता तोच होऊ पाहतो आणि शेवटी नुसता दोनचा आकडा लागतो.

फीडमधून हीच लिंक ईमेलमध्ये, टेलिग्रामवर, कुणाच्या तरी साइटवर जाते. तिथे ती टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली, तीन ओळींची, व्हायरसच्या लिंकसारखी दिसते. आई-बाबांना आपणच शिकवलंय ना, असल्या लिंक दाबू नका म्हणून! ब्लॉगरची तऱ्हा उलटी. त्याला देवनागरी शीर्षक कळत नाही, तो नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा लावून मोकळा होतो. दोन्हीवर उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः लिहा, इंग्रजी अक्षरांत, तीन-चार शब्दांचा. शीर्षक मात्र मराठीच ठेवा, फीडमध्ये ते जसंच्या तसं दिसतं.

राहिली गोष्ट फीड दाखवण्याची. तुमच्या वाचकाने फीडची लिंक फोनवर दाबली तर त्याला कोडचा ढिगारा दिसेल आणि तो साइट हॅक झाली समजून पळेल. काही साइट एक्सएसएलटी नावाचं तंत्र वापरून तो ढिगारा नीटनेटका दाखवतात, पण क्रोममधून ते काढणार असल्याचं गूगलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय. त्यामुळे नव्याने त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा साइटवर ‘नवीन पोस्ट कशा मिळवाल’ असं एक साधं पान करा. त्यावर ईमेलचा रकाना, टेलिग्राम चॅनेल, व्हॉट्सॲप चॅनेल आणि शेवटी फीडचा पत्ता, कॉपी करायच्या बटणासह. ऑगस्ट २०२५ पासून गूगलने भारतात ‘प्रीफर्ड सोर्सेस’ दिलंय, म्हणजे वाचक आपल्या पसंतीची साइट निवडून ठेवू शकतो. त्याची लिंकही त्याच पानावर टाका. आणि मग फोनवर एखादा फीड रीडर उतरवून स्वतःच्याच साइटचं फीड त्यात जोडा. फोटो दिसतात का, जोडाक्षरं नीट येतात का, तारीख बरोबर आहे का, आणि शेवटची पोस्ट खरंच तिथपर्यंत पोचली आहे का, ते बघा.